डर्टी पाइप: फिक्स एका ओळीचा, अपडेटला मात्र महिने

एप्रिल २०२१ मध्ये एका वेब होस्टिंग कंपनीकडे तक्रार आली की डाउनलोड केलेली अ‍ॅक्सेस लॉगची (वेबसाइटवर कोण कधी आलं त्या नोंदींची) फाइल उघडत नाहीये, जीझिप हा फाइल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम म्हणतंय सीआरसी, म्हणजे फाइल धड आहे का हे पडताळायचा आकडा, चुकलाय. आता एखादी लॉग फाइल करप्ट होणं म्हणजे काही जगबुडी नाही, प्रोसेस मध्येच मेली असेल, डिस्क भरली असेल, असं म्हणून माणूस पुढच्या कामाला लागतो. तिथल्या मॅक्स केलरमन ह्या डेव्हलपरनेही तेच केलं, सीआरसी हाताने दुरुस्त केला, तिकीट बंद केलं आणि विसरून गेला. काही महिन्यांनी परत तीच तक्रार, मग परत एकदा, आणि दर वेळी आतला डेटा एकदम व्यवस्थित, फक्त फाइलच्या शेवटचा सीआरसी तेवढा गंडलेला.

ह्या फालतू वाटणाऱ्या तक्रारीतून पुढे जे निघालं ते म्हणजे सीव्हीई-२०२२-०८४७ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या भोकांना दिला जाणारा जाहीर नंबर), म्हणजेच डर्टी पाइप. लिनक्स कर्नलमधलं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातलं, असं भोक की ज्या फाइलला फक्त रीड परमिशन आहे तिच्यात साधा युजर बिनधास्त लिहू शकतो. ह्यावर तेव्हा भरपूर लिहिलं गेलं पण बहुतेकांची गाडी एक्सप्लॉइट, म्हणजे भोकाचा फायदा घेणारा कोड, कसा चालतो इथेच थांबली. मला जास्त इंटरेस्ट आहे तो त्याच्या पुढच्या भागात, म्हणजे फिक्स लिहून झाल्यापासून तो चालू मशीनच्या मेमरीत पोचेपर्यंत काय काय होतं, कारण कर्नलमधलं भोक बुजलं आणि तुमच्या मशीनवरचं भोक बुजलं ह्या दोन वेगवेगळ्या घटना आहेत, मध्ये कधीकधी महिने जातात, आणि नेमकं तेवढंच कोणी मोजत नाही.

पण आधी बग कसा सापडला ते बघू, कारण तो शोध खरंच भारी आहे.

केलरमनने सरळ सगळ्या जुन्या फाइल्स स्कॅन केल्या. तीन महिन्यांत ३७ करप्ट फाइल्स, २२ वेगवेगळ्या दिवसांच्या. बहुतेक दिवसांना एकच, पण ३० नोव्हेंबरच्या सात, ३१ डिसेंबरच्या सहा, ३१ जानेवारीच्या चार. म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस! हार्डवेअर काय कॅलेंडर बघून खराब होत नाही. शिवाय हाच लॉग गोळा करणारा प्रोग्रॅम दुसऱ्या स्टँडबाय सर्व्हरवर पण चालायचा, तिथे एकही फाइल खराब नाही. दोन्हीत फरक एवढाच की मुख्य सर्व्हर ग्राहकांना डाउनलोड पण द्यायचा.

मग त्याने खराब झालेले शेवटचे आठ बाइट उघडून बघितले. प्रत्येक फाइलमध्ये तेच आठ बाइट आणि सुरुवातीला पी आणि के ही दोन अक्षरं. ज्याने कधी झिप फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडलीय त्याला हे लगेच कळतं, झिपच्या प्रत्येक हेडरची सुरुवात पीके ने होते, आणि पुढचे बाइट बघता हा झिपच्या शेवटी येणाऱ्या सेंट्रल डिरेक्टरीचा (आतल्या फाइल्सच्या यादीचा) हेडर होता. तो लॉगच्या जीझिप फाइलमध्ये कसा काय घुसला?

तर त्या कंपनीत रोजच्या लॉगची एक जीझिप फाइल बनायची आणि ग्राहकाने अख्ख्या महिन्याचा लॉग मागितला की वेब सर्व्हिस जागच्या जागी त्या सगळ्या फाइल्स जोडून एक झिप तयार करून पाठवायची. डेटा कॉपी करायचा खर्च वाचवायला ती स्प्लाइस हा सिस्टम कॉल वापरायची, म्हणजे फाइलमधली पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) थेट पाइपमध्ये, म्हणजे एकीकडून दुसरीकडे डेटा नेणाऱ्या कर्नलमधल्या नळीत, सरकवायची, आणि सगळ्या फाइल्स झाल्या की शेवटी सेंट्रल डिरेक्टरी साध्या राइट कॉलने त्याच पाइपमध्ये लिहायची. शेवटची फाइल कुठली? महिन्याच्या शेवटच्या दिवसाची. तिच्यानंतर लगेच जे लिहिलं जातंय त्याचे पहिले आठ बाइट तिच्याच ट्रेलरवर, म्हणजे सीआरसी असतो त्या शेवटच्या आठ बाइटवर, जाऊन बसतायत. सगळं जुळलं, फक्त एक गोष्ट सोडून. त्या वेब सर्व्हिसला ह्या फाइल्सवर लिहायची परमिशनच नव्हती. वाचायची होती, बस.

स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही की कर्नलवर ढकलायचं हे नवशिक्याचं लक्षण मानतात, आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबरच असतं. इथे मात्र दुसरा आरोपीच उरला नव्हता. त्याने दोन चिमुकले प्रोग्रॅम लिहिले, एक फाइलमध्ये सतत ए ए ए ए ए लिहितो आणि दुसरा त्याच फाइलमधून स्प्लाइस करून पाइपमध्ये बी बी बी बी बी लिहितो. दुसऱ्याचा फाइलशी लिहिण्याचा काहीही संबंध नाही. तरी फाइलमध्ये बी उमटले. खेळ खल्लास, हा कर्नलचाच बग.

५.१० कर्नलवर हे घडत होतं, ४.१९ वर नाही. ह्या दोघांच्या मध्ये १,८५,०११ कमिट्स, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल. ऐकूनच घाम फुटेल, पण गिट बायसेक्ट दर वेळी अर्धे बाजूला काढतो त्यामुळे १७ पायऱ्यांत दोषी कमिट हातात आलं, जे ५.८ मध्ये आत गेलं होतं.

आता बग नेमका काय. पाइप म्हणजे आतून एक गोल रिंग, साधारण सोळा खाने, प्रत्येक खान्यात एका मेमरी पानाचा पत्ता आणि थोडी इतर माहिती. तुम्ही पाइपमध्ये चार अक्षरं लिहिली तर कर्नल एक नवं पान घेतो, त्यात ती चार अक्षरं टाकतो आणि पान बरंच रिकामं असल्यामुळे पुढच्या वेळी लिहाल तेव्हा त्याच पानात पुढे जोडतो. खान्यावर तशी खूण असते, ह्यात मर्ज चालेल म्हणून. स्प्लाइसचं वेगळं, तिथे कर्नल नवं पान घेत नाही, फाइलचं जे पान पेज कॅशमध्ये (फाइलची मेमरीत ठेवलेली, सगळ्यांनी वापरायची प्रत) आधीच पडलंय त्याचाच पत्ता खान्यात ठेवतो. हे पान पाइपच्या मालकीचं नाही, त्यात कोणी पुढे काही जोडता कामा नये, म्हणजे मर्जची खूण तिथे नकोच. आणि गंमत अशी की स्प्लाइसचा कोड खान्यातली बाकी माहिती भरायचा पण फ्लॅग्सचा, म्हणजे ह्या खुणांचा, रकाना भरायचाच नाही, आधीच्या वापरातलं जे काही तिथे पडलेलं असेल ते तसंच राहायचं, उष्ट्या ताटात वाढल्यासारखं.

ही चूक ४.९ पासून होती, म्हणजे २०१६ पासून, पण तेव्हा कोणाचं काही बिघडलं नाही कारण मर्ज चालेल की नाही हे फ्लॅगवरून ठरतच नव्हतं, दुसऱ्याच पद्धतीने ठरायचं. २०२० मध्ये ५.८ आला तेव्हा कोड साफसूफ करताना ती पद्धत काढून मर्जचा फ्लॅग आणला. त्या कमिटमध्ये तसं बघायला गेलं तर काही चूक नाही, रिव्ह्यू करणाऱ्याला पण वाटेल छान झालं, वेगवेगळ्या स्ट्रक्चरची भानगड मिटली. पण जुनी निरुपद्रवी चूक आणि नवी निर्दोष सुधारणा एकत्र आल्या आणि भोक तयार झालं. कर्नलमध्ये असले दोन तुकड्यांचे बग सगळ्यात डेंजर, कारण कुठल्याही एका पॅचकडे (कोडमधल्या बदलाकडे) बोट दाखवून हा वाईट म्हणता येत नाही.

हल्ला करणाऱ्याला काय करायचंय, तर पाइप पूर्ण भरायचा म्हणजे सगळ्या खान्यांवर मर्जची खूण पडते, मग पूर्ण रिकामा करायचा, खुणा तशाच राहतात, मग हव्या त्या फाइलमधून हव्या त्या जागेच्या आधीचा एक बाइट स्प्लाइस करायचा आणि मग आपल्याला पाहिजे ते पाइपमध्ये लिहायचं. ते थेट फाइलच्या पेज कॅशमध्ये. पासवर्ड फाइलमधली रूटची ओळ बदला, झालात रूट, म्हणजे मशीनचे सर्वाधिकारी. मर्यादा आहेत, पानाचा पहिला बाइट बदलता येत नाही, एका पानाच्या सीमेपलीकडे लिहिता येत नाही, फाइल वाढवता येत नाही. पण ह्यातली एकही मर्यादा खऱ्या हल्ल्याला अडवत नाही. उलट रीड-ओन्ली माउंट असो की बदल करायला बंदी असलेली फाइल, सगळीकडे चालतं, कारण परमिशन तपासणारा कोड ह्या वाटेवर लागतच नाही. आणि टायमिंगचा खेळ नसल्यामुळे दर वेळी हमखास चालतं.

अजून एक त्रासदायक बाब म्हणजे पेज कॅशमधलं पान बदललं तरी ते बदललंय अशी नोंद कर्नलकडे होत नाही, त्यामुळे दुसऱ्या कोणी त्या पानाला हात लावला नाही तर बदल डिस्कवर जातच नाही. मशीन रीबूट केलं की पुरावा गायब. सर्व्हरवर संशय आला की घाईघाईत रीस्टार्ट मारायची सवय असते ना लोकांना, इथे त्यानेच सगळं पुसलं जातं.

एवढं रामायण आणि फिक्स काय, तर खान्याचे फ्लॅग्स शून्य करा. एक ओळ, दोन फंक्शन्समध्ये, म्हणजे एकूण दोनदा. बस.

आता तारखा बघा, खरी गोष्ट इथून सुरू होते. १९ फेब्रुवारी २०२२ ला केलरमनला कळलं की हा कर्नलचा बग आहे आणि ह्याचा एक्सप्लॉइट बनतो. २० ला कर्नल सिक्युरिटी टीमला पॅचसकट रिपोर्ट. २१ ला गुगलच्या पिक्सेल ६ वर पण बग चालतो हे दिसलं म्हणून अँड्रॉइडच्या टीमला रिपोर्ट, आणि त्याच दिवशी पॅच जाहीर मेलिंग लिस्टवर. २३ ला ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ ह्या स्टेबल आवृत्त्या फिक्ससकट बाहेर. २४ ला गुगलने अँड्रॉइड कर्नलमध्ये तो घेतला. २८ ला डिस्ट्रोवाल्यांच्या (डेबियन, उबुंटूसारखे लिनक्सचे तयार संच बनवणाऱ्यांच्या) बंद लिस्टला कळवलं आणि ७ मार्चला सगळं जाहीर. रिपोर्ट ते स्टेबल रिलीज तीन दिवस, असला वेग पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये पण क्वचित बघायला मिळतो.

पण ह्याच तारखा दुसऱ्या बाजूने वाचा. २१ फेब्रुवारी ते ७ मार्च असे दोन आठवडे फिक्स उघड्यावर पडलेला होता. कमिटच्या मजकुरात लिहिलं होतं की ह्या दोन फंक्शन्समध्ये फ्लॅग्सला सुरुवातीची किंमत दिलेली नाही ती देतोय, सिक्युरिटी हा शब्द पण नाही. कर्नलवाल्यांची ही जुनी रीत आहे, बग म्हणजे बग, सिक्युरिटीचा असो नसो, दुरुस्त करा आणि पुढे चला, मोठी पाटी लावून हल्लेखोरांना जागा दाखवू नका. मला ह्यातलं अर्धं पटतं. पॅच वाचून मागचं भोक ओळखणारे लोक आहेत, ते पाटीची वाट बघत नाहीत, त्यामुळे पाटी नसल्याचा तोटा होतो तो बिचाऱ्या अ‍ॅडमिनला, ज्याला पन्नास अपडेट्समधून आज रात्री कुठलं लावायचं आणि पुढच्या आठवड्यात कुठलं हे ठरवायचंय. पण उलट बाजू अशी की पाटी लावली असती तर डिस्ट्रोवाल्यांना पॅकेज बनवायला मिळालेले सात दिवस पण मिळाले नसते.

७ मार्चला बातमी फुटली आणि जो तो युनेम ही कमांड मारून आपला कर्नल आकडा बघायला लागला, आणि इथे पहिला मोठा घोळ. बातमीत लिहिलेलं ५.१०.१०२ पासून पुढचं सुरक्षित. डेबियन ११ वाल्यांना अपडेट आलं त्याचा आकडा ५.१०.९२-२. लोक हैराण, ९२ म्हणजे तर १०२ पेक्षा जुना! पण डेबियनने आपल्या ५.१०.९२ वरच हा पॅच उचलून लावला होता आणि शेवटचा आकडा १ चा २ केला होता, त्यामुळे तो कर्नल अगदी सुरक्षित. ह्यालाच बॅकपोर्ट म्हणतात. वर आणखी वैताग म्हणजे डेबियनवर युनेमला आर लावून विचारलं तर तो ५.१०.० आणि पुढे एक क्रमांक एवढंच सांगतो, खरा पॅकेज आकडा बघायला व्ही लावून विचारावं लागतं. उबुंटूचं अजून वेगळं, २०.०४ चा मूळ ५.४ कर्नल असेल तर ह्या बगशी संबंधच नाही, पण त्याच २०.०४ वर नव्या हार्डवेअरसाठीचा ५.१३ असेल तर बाधित, आणि मूळ प्रोजेक्टने ५.१३ चा सपोर्ट केव्हाच थांबवलेला असल्यामुळे तिथे फिक्स उबुंटूने स्वतःच आणला. रेड हॅटच्या एंटरप्राइझ लिनक्स ८ चा कर्नल नावाला ४.१८, तिथे फ्लॅग न भरण्याची चूक होती पण मर्जचा फ्लॅगच नव्हता म्हणून माहितीतला एक्सप्लॉइट चालत नव्हता, तरी त्यांनी पॅच दिला.

म्हणजे एकच प्रश्न, मी सुरक्षित आहे का, आणि नुसता आकडा बघून उत्तर कुठेच मिळत नाही. सिक्युरिटी स्कॅनर लाल रंगात ओरडतो तो बऱ्याचदा फक्त आकडा जुळवून, मग मॅनेजर घाबरून अ‍ॅडमिनच्या मागे लागतो. खरं उत्तर डिस्ट्रोच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर आणि पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये असतं, तिथे सीव्हीईचा नंबर शोधायचा, सापडला की विषय संपला.

दुसरा घोळ ह्याहून मोठा आणि ह्याहून साधा. अपडेट लावलं म्हणजे नवा कर्नल डिस्कवर येऊन बसतो, मेमरीत जुनाच चालू असतो. पॅकेज मॅनेजर म्हणतो सगळं अप टू डेट, डॅशबोर्ड हिरवा, आणि मशीन चारशे दिवस रीबूट नाही ह्याचा अभिमान! त्या मशीनवर डर्टी पाइप जसाच्या तसा चालतो. ब्राउझर किंवा वेब सर्व्हर अपडेट केला की तेवढा प्रोग्रॅम रीस्टार्ट करून भागतं, कर्नलला अख्खं मशीन बसवून उठवावं लागतं, आणि डेटाबेस सर्व्हर रात्री दोनला पण कोणाला बंद करू द्यायचा नसतो. म्हणून तपासायचं ते इन्स्टॉल झालेला कर्नल आणि चालू असलेला कर्नल एकच आहे का. उबुंटू रीबूट हवंय म्हणून एक फाइल टाकून ठेवतो, नीडरीस्टार्ट नावाचं टूल पण सांगतं, मोठी ताफ्याएवढी मशीनं असतील तर दोन्ही आकडे गोळा करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली की काम होतं.

रीबूट शक्यच नसेल तर लाइव्ह पॅचिंग, म्हणजे चालू कर्नलमधलं जुनं फंक्शन बायपास करून त्याच्या जागी नवं जोडणं. डर्टी पाइप ह्यासाठी अगदी आदर्श, दोन फंक्शन्स, एकेक ओळ, कुठल्या डेटा स्ट्रक्चरचा आकार बदलत नाही. पण लाइव्ह पॅच लावल्यावर युनेम जुनाच आकडा दाखवत राहतो, म्हणजे वरचा घोळ परत आलाच, आणि सगळे बग इतके सोपे नसतात त्यामुळे रीबूट कायमचं टळलं असं समजू नका, पुढे ढकललं एवढंच.

कंटेनरवाल्यांनी, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात (इमेजमध्ये) भरून चालवणाऱ्यांनी, तर कहरच केला. आमच्या इमेज कालच बनवल्यात, सगळी पॅकेजेस ताजी, मग आम्हाला काय धोका? अहो पण कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतोच, तो खालच्या होस्टचा, म्हणजे ज्या मशीनवर तो चालतो तिचा, असतो. इमेज दहा वेळा बनवा, होस्ट जुना तर भोक तिथेच. वर एकाच इमेजवरून चालणारे कंटेनर तिच्या फाइल्सची तीच पेज कॅश वापरत असतील तर एकाने केलेला बदल दुसऱ्याला पण दिसतो.

फोनचा रस्ता तर सगळ्यात लांब. गुगलने २४ फेब्रुवारीला आपल्या कर्नलमध्ये पॅच घेतला होता, पण पिक्सेल ६ हातात धरलेल्या माणसाला तो मिळाला मे २०२२ च्या सिक्युरिटी अपडेटमध्ये. पॅच तोच, ओळ तीच. मधल्या काळात अमेरिकेच्या सिसा ह्या सायबर सुरक्षा संस्थेने २५ एप्रिलला डर्टी पाइप प्रत्यक्ष वापरात असलेल्या भोकांच्या यादीत टाकून पण झाला होता. त्यातल्या त्यात बरं म्हणजे ५.८ च्या पुढचा कर्नल असलेले फोन तेव्हा कमीच होते, अँड्रॉइड १२ सोबत बाजारात आलेले नवेकोरे. जुने फोन जुन्या कर्नलमुळे वाचले.

ह्यावरून जुनं ते सोनं म्हणून अपडेट टाळणारे लगेच खूश होतील, तर त्यांच्यासाठी डर्टी काऊ, कर्नलमधलं असंच एक जुनं भोक. सीव्हीई-२०१६-५१९५, निदान २००७ च्या २.६.२२ पासून कर्नलमध्ये पडून होता, ऑक्टोबर २०१६ मध्ये फिक्स झाला, तोही एकाने आपल्या सर्व्हरवर झालेला हल्ला नेटवर्क ट्रॅफिकच्या रेकॉर्डिंगमध्ये पकडला म्हणून. लिनस टोरवाल्ड्सने फिक्सच्या कमिटमध्ये लिहिलंय की ह्याच बगवर अकरा वर्षांपूर्वी त्याने स्वतः एक कच्चा उपाय केला होता आणि आयबीएमच्या एस३९० मेनफ्रेमवर अडचण आली म्हणून तो परत काढावा लागला होता. आणि २०१६ चा फिक्सही पुरता नव्हता, मोठ्या आकाराच्या पानांच्या बाबतीत वाट उघडी राहिली ती २०१७ च्या शेवटी सापडली, तिला वेगळा नंबर, सीव्हीई-२०१७-१०००४०५. म्हणजे ज्यांनी २०१६ मध्ये अपडेट लावून फाइल बंद केली त्यांना परत उठावं लागलं. डर्टी पाइपचा फिक्स एकदाच लागला आणि टिकला, कारण चूक कुठली आहे ह्यात वादाला जागाच नव्हती.

फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल प्रोजेक्ट स्वतःच आपल्या बग्जना सीव्हीई नंबर देतो, आणि धोरण असं की सिक्युरिटीशी संबंध असू शकेल अशा जवळजवळ प्रत्येक फिक्सला नंबर. तेव्हापासून नंबरांचा नुसता पूर आलाय आणि सिक्युरिटी टीमवाले रडतायत की एवढ्यातून महत्त्वाचा कुठला ते सांगा. ते सांगणं अवघड आहे हे ह्याच प्रकरणात दिसतं. २३ फेब्रुवारी २०२२ ला ज्यांनी काहीही माहीत नसताना फक्त नवीन स्टेबल आला म्हणून घेतला आणि रीबूट केलं ते बातमी फुटायच्या बारा दिवस आधीच सुटले होते. आणि ज्यांचा नियम होता की स्टेबलमधले जाहीर सीव्हीई नंबर असलेलेच पॅच उचलायचे, त्यांच्या चाळणीतून फ्लॅग्स शून्य करणारा हा पॅच त्या दिवशी खाली पडला असणार, कारण कमिटमध्ये ना नंबर होता ना धोक्याचा एक शब्द.